सासऱ्यांची नजर

औषधवाल्यांना हेवा वाटावा अशी माणसं आजूबाजूला पुष्कळ होती. साडूकडे नवी गाडी होती, समोरच्या किराणावाल्याकडे गिऱ्हाईक होतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे न गळणारे नळ होते. या सगळ्यांचा हेवा ते नेमाने करत. पण पन्नाशी उलटलेल्या जावयाने शहात्तर वर्षांच्या सासऱ्याचा हेवा करावा, आणि तोही त्यांच्या डोळ्यांचा, हे जरा जगावेगळंच होतं.

सासरे म्हणजे निवृत्त मास्तर. एरवी ते धाकट्या लेकीकडे राहत. तिच्या घरी फरशा बदलायचं काम निघालं, म्हणून ते थोरलीकडे आले. येताना एक पेटी, एक काठी आणि एक सवय घेऊन आले. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, ही ती सवय.

आता वर्तमानपत्र कोणीही वाचतं. पण मास्तर वाचत ते चष्म्याशिवाय. शिवाय ठळक मथळ्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. कागद नाकाशी धरून ते थेट आतल्या पानावरच्या छोट्या जाहिरातींना हात घालत. "एक खोली भाड्याने देणे, जोडपे चालेल, वाद्य चालणार नाही!" असं ते खणखणीत आवाजात वाचत आणि मग कागदाच्या वरून जावयाच्या दिशेने बघत. बघत म्हणजे काय, नुसतं बघत. पण त्या बघण्याने औषधवाल्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

कारण औषधवाल्यांना गेल्या दोन-तीन वर्षांपासून जवळचं काही दिसेनासं झालं होतं. लांबचं लख्ख दिसे. कोपऱ्यावर वळणाऱ्या बसचा नंबर ते दुकानाच्या गल्ल्यावर बसून सांगत. पण हातातल्या गोळ्यांच्या पट्टीवर मुंग्यांची रांग चालली आहे की तारीख छापली आहे, हे त्यांना कळत नसे. सुदैवाने बायको दुकानात मदतीला बसे आणि एकूणएक पट्टी तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे. "अहो, चष्मा करून घ्या," असं ती रोज म्हणे. औषधवाले म्हणत, "हल्ली छपाईच फार वाईट निघते." संध्याकाळी त्यांचं डोकं ठणके, तेव्हा ते स्वतःच्याच दुकानातली गोळी घेत. डोकेदुखीच्या गोळ्यांचं त्या दुकानातलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक मालकच होते.

मास्तरांच्या नजरेची कीर्ती हां हां म्हणता इमारतभर पसरली. वरच्या काकू तर बघायलाच आल्या. मास्तरांनी त्यांना एका जाहिरातीखालच्या अटी वाचून दाखवल्या, ज्या छापणाऱ्यानेही वाचल्या नसतील.

"काय हो ही नजर!" काकू म्हणाल्या. "आणि आमच्या ह्यांना चाळिशीतच जाड भिंगं लागली. काय खाता काय तुम्ही?"

"नियम," मास्तर म्हणाले. "लहानपणापासून वाचनाचा नियम. डोळा वापरला की टिकतो." आणि पुन्हा जावयाच्या दिशेने बघितलं.

औषधवाल्यांनी त्या दुपारी पक्कं ठरवलं, की कुठेतरी या नजरेची सीमा असणारच, आणि ती आपण शोधून काढायची. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. तो कोणी वाचावा अशी कंपनीची अजिबात इच्छा नसते. त्यातला सगळ्यांत बारीक अक्षरांचा कागद निवडून त्यांनी तो जेवणाच्या वेळी सासऱ्यांपुढे सहज म्हणून ठेवला.

"बाबा, हे काय लिहिलंय बघा बरं. इथे उजेड कमी आहे."

मास्तरांनी कागद नाकाशी नेला आणि वाचायला सुरुवात केली. मळमळ, उलटी, अंगावर पुरळ, पोटात मुरडा, क्वचित शुद्ध हरपणे. लेकीने हातातला घास ताटात ठेवला. मास्तर थांबेनात. शेवटी कागद उलटून ते म्हणाले, "आता मागची बाजू तुम्ही वाचा, जावईबापू. तुमच्या धंद्यातलंच आहे."

औषधवाल्यांनी कागद हातभर लांब धरला. दिसत काहीच नव्हतं, पण अशा कागदांवर काय असतं ते तीस वर्षांच्या सरावाने पाठ होतं. त्यांनी घसा साफ केला. "जेवणानंतर एक चमचा, कोमट पाण्याबरोबर घ्यावे."

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ते गुडघ्याला लावायचं तेल आहे."

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता ताकाचा पेला उचलला. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी औषधवाले गपचूप वरच्या काकूंकडे सल्ला मागायला गेले. डोळ्यांच्या बाबतीत काकूंकडे सल्ल्यांची खाण होती. गाजरं खा. गवतावर अनवाणी चाला. आणि डोळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल फिरवा, अधूनमधून एकेक डोळा घट्ट मिटा. गाजरं खाऊन औषधवाल्यांचं पोट बिघडलं. गवतावर काटा रुतला. तिसरा उपाय त्यांनी दुकानात, गिऱ्हाईक नसताना करायचा ठरवला. पण ते एक डोळा घट्ट मिटून बसलेले असतानाच समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. त्या काहीही न घेता गेल्या आणि थोड्या वेळाने नवऱ्याला घेऊन आल्या. नवरा चांगला आडदांड होता. "हा व्यायाम आहे," असं औषधवाल्यांनी परोपरीने सांगितलं. "मग मलाही करून दाखवा," असं नवरा म्हणाला, तेव्हा भर दुकानात एका परक्या पुरुषाला तीन वेळा डोळा मारून दाखवण्याची पाळी त्यांच्यावर आली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं.

त्या शनिवारी बायको मैत्रिणीबरोबर नाटकाला गेली होती. मास्तर काठी घेऊन फिरायला निघाले. औषधवाले दुकानात एकटेच होते, तेवढ्यात साडूचा निरोप आला. फोन हातभर लांब धरून, दिव्याखाली उभं राहून त्यांनी तो कसाबसा वाचला. बाबा फोन उचलत नाहीत, कसे आहेत, असं काहीतरी होतं. औषधवाले उत्तर लिहू लागले: बाबा आत्ताच गेले फिरायला, मजेत आहेत, जेवायला येतील. पण 'गेले' हा शब्द लिहून झाल्यावर अंगठा भलतीकडे पडला आणि तेवढंच वाक्य निघून गेलं. उरलेलं त्यांनी पुन्हा लिहून पाठवलं. ते गेलं खोकल्याच्या औषधाच्या एजंटाला. 'फिरायला, मजेत आहेत, जेवायला येतील' हे वाचून एजंट बिचारा बराच वेळ विचारात पडला आणि "किती वाजता येऊ?" असं त्याने विचारलं.

इकडे साडूचं उत्तर आलं. त्यात एक शब्द आणि बरीचशी प्रश्नचिन्हं होती. औषधवाल्यांना वाटलं, खुशाली विचारतोय. आता परत कोण लिहीत बसणार, म्हणून त्यांनी त्या पिवळ्या चित्रांमधलं जोडलेल्या हातांचं एक चित्र दाबलं. निदान त्यांच्या मते ते जोडलेले हात होते. ते निघालं पोट धरून हसणारं तोंड, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं. मग साडूचा फोन वाजायला लागला. हा आता नव्या गाडीबद्दल बोलणार, या खात्रीने औषधवाल्यांनी फोन बंद करून गल्ल्यात टाकला.

थोड्या वेळाने वरच्या काकू पदराने डोळे पुसत जिना उतरून आल्या. औषधवाले एका गिऱ्हाइकाला पावडरचा डबा देत होते.

"किती मन घट्ट तुमचं!" काकू म्हणाल्या. "तुमच्या मेहुणीचा फोन आला होता. कधी गेले हो बाबा?"

"झाला असेल पाऊण तास."

"त्रास झाला का काही?"

"छे! चांगले हसत गेले. छत्री घ्या म्हटलं, तर म्हणाले, आता कशाला?"

काकूंना हुंदका आवरेना. "मग आता आणायचं कधी?"

"आणायचं कशाला? स्वतःच्या पायाने येतील की."

काकूंनी गिऱ्हाइकाकडे बघितलं, गिऱ्हाइकाने काकूंकडे. दुःखाने माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, हे दोघांनाही ऐकून माहीत होतं. काकूंनी औषधवाल्यांना स्टुलावर बसवलं, साखरपाणी पाजलं आणि इमारतीतल्या चारचौघांना बोलावून दुकानाबाहेर खुर्च्या मांडायला घेतल्या. या खुर्च्या कशासाठी, हे औषधवाले विचारत होते, पण त्यांच्याशी आता सगळेच लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होते. "हो हो, येतील हं बाबा. तुम्ही शांत बसा."

साडूची नवी गाडी ब्रेक करकचत थांबली. मेहुणी हंबरडा फोडत उतरली आणि समोरच्या खुर्चीत कोसळली. नेमके त्याच वेळी मास्तर काठी टेकत कोपऱ्यावरून आले. दुकानापुढे गर्दी आहे, कोणीतरी बाई रडते आहे, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. ते चार पावलांवर थांबले, त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या धाकट्या लेकीला हात जोडून ते म्हणाले, "धीर धरा, बाई. जन्माला आलेला प्रत्येक जण कधीतरी जाणारच. कोण होते तुमचे?"

मेहुणीने वर बघितलं आणि ती किंचाळली.

पुढचा अर्धा तास कोण कोणाला काय म्हणत होतं, ते सांगण्यात अर्थ नाही. शेवटी साडूने आपला फोन मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो नाकाशी नेला आणि जमलेल्या सगळ्यांना, चष्म्याशिवाय, स्वतःच्या निधनाची बातमी वाचून दाखवली.

"बाबा आत्ताच गेले. त्याखाली एक हसरा चेहरा. डोळ्यांत पाणी आहे, पण ते हसून हसून आलेलं दिसतंय." मास्तरांनी फोन परत दिला. "वाक्य अपुरं आहे. शुद्धलेखन मात्र बरोबर आहे हो, जावईबापू."

सगळे हसले. नाटकाहून परतलेली बायकोसुद्धा. औषधवाले त्या मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून होते आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट जळत होती. लाज वाटण्याऐवजी त्यांना वाटत होतं, की याही फजितीतून नजरेचं कौतुक म्हाताऱ्याच्याच पदरात पडावं ना!

"सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे," बायको म्हणाली. आता छपाईचं नाव काढायचीही सोय नव्हती.

"मी येतो बरोबर," मास्तर म्हणाले. त्यांच्या उत्साहावरून ते सर्कस बघायला निघालेत असं वाटत होतं.

दवाखान्यात शिरल्याशिरल्या खिडकीतल्या बाईंनी एक फॉर्म हातात दिला. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठीच तो होता, आणि म्हणूनच की काय, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत छापला होता. "मोठ्या अक्षरातला आहे का?" औषधवाल्यांनी विचारलं. "डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर देतो," बाई म्हणाल्या. "आणि डॉक्टर?" "फॉर्म भरल्यावर." शेवटी फॉर्म मास्तरांनी भरला, एकेक प्रश्न सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा वाचून. "तक्रार?" या रकान्यापाशी त्यांनी जावयाकडे बघितलं.

"काही नाही," औषधवाले गुरगुरले.

मास्तरांनी लिहिलं: काही नाही असे म्हणणे आहे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. भिंतीवरची अक्षरं औषधवाल्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मग बाईंनी एक छोटं कार्ड हातात दिलं आणि सगळं धुक्यात गेलं. बाईंनी त्यांच्या नाकावर एक जड चौकट चढवली, भिंगं घातली, काढली, पुन्हा घातली.

"लहानपणी वाचताना डोकं दुखायचं?" त्यांनी विचारलं.

"दुखायचं. अजून दुखतं."

"ओळी हलायच्या? वाचता वाचता खालची ओळ वर यायची?"

शाळेत मोठ्याने वाचताना ओळ हरवली म्हणून औषधवाल्यांनी किती छड्या खाल्ल्या होत्या! "लक्ष नाही, डोकं नाही," असं शाळेतले गुरुजी आणि वडील दोघेही म्हणत. त्यांचं स्वतःचंही तेच मत होऊन बसलं होतं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या डोळ्यांनी. तुमचा डोळा मुळातच थोडा आखूड आहे. आत शिरलेला प्रकाश जिथे नीट एकत्र यायला हवा, त्याच्या आधीच मागचा पडदा लागतो. तरुणपणी आतलं भिंग लवचीक असतं. ते स्वतःला फुगवून चित्र ओढून पडद्यावर आणतं. लांबच्यासाठी थोडा जोर, जवळच्यासाठी दुप्पट. तुम्ही पन्नास वर्षं डोळ्यांनी वजन उचलताय. डोकं दुखेल नाही तर काय? आता भिंग ताठ झालं, त्याने हात टेकले."

"म्हणजे चाळिशीच ना?"

"चाळिशी सगळ्यांनाच येते. तुम्हाला ती आहेच, आणि त्याखाली जन्मापासूनची दूरदृष्टी."

औषधवाल्यांची छाती जरा पुढे आली. घरात कोणी ना कोणी त्यांची ही बाजू ओळखायलाच हवी होती. "दूरदृष्टी," त्यांनी सासऱ्यांकडे बघत पुन्हा म्हटलं.

"हा दोष असतो," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा कार्ड हातात दिलं. या वेळी अक्षरं कशी, एकेक सुटी, काळीभोर, जागच्या जागी उभी होती. औषधवाल्यांनी एक ओळ वाचली, मग दुसरी. खालची ओळ खालीच थांबली. त्यांना उगाचच भरून आलं. ते लपवण्यासाठी, आणि खरं सांगायचं तर पोटातलं दुखणं अजून शमलेलं नव्हतं म्हणूनही, ते म्हणाले, "बाई, आता आमच्या सासऱ्यांचे डोळे बघा. शहात्तर वर्षं, चष्मा नाही, मुंगीचे पाय मोजतात. काहीतरी निघेलच की एखादं!"

"मला काय धाड भरली आहे?" मास्तर एकदम उठले. "चला घरी."

"फुकट बघते, आजोबा. बसा."

भिंतीवरची अक्षरं वाचा म्हटल्यावर मास्तरांनी सगळ्यांत वरचं मोठं अक्षर वाचलं. मग ते थांबले. "दिव्याची तिरीप येते," असं म्हणाले. बाईंनी दिवा बदलला. तरी ते थांबलेलेच. मग बाईंनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, बऱ्याच वेळाने यंत्रातून आत बघितलं आणि खुर्ची मागे घेतली.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बराच वाढलाय. आतलं भिंग घट्ट आणि जाड होत गेलं, की जवळचं आपोआप दिसायला लागतं. पूर्वी चष्मा होता ना तुम्हाला?"

"होता," मास्तर अगदी हळू म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी सुटला."

"तो सुटला तोच मोतीबिंदूमुळे. काळजी नको, शस्त्रक्रिया होते, दिसेल. पण चार पावलांवरचा माणूस तुम्हाला ओळखू येत नसणार."

औषधवाल्यांना रडणाऱ्या मेहुणीपुढे हात जोडून उभे राहिलेले मास्तर आठवले. ज्या नजरेचा हेवा करून करून झोप उडाली, ती नजर म्हणजे आजार होता! एक क्षण त्यांना वाटलं, आपलीच दृष्ट लागली. दुसऱ्या क्षणी वाटलं, हे घरी जाऊन सांगायला काय मजा येईल! दोन्ही एकदमच वाटलं आणि दोन्हींची लाज वाटली.

थेंबांमुळे मास्तरांना उजेड सोसत नव्हता. रस्ता ओलांडताना त्यांनी पहिल्यांदाच जावयाचा हात धरला.

"धाकटीकडे जिन्यात एकदा पाय चुकला," ते चालता चालता म्हणाले. "दिसत नाही म्हटलं असतं तर फिरणं बंद झालं असतं. घरात बसवून ठेवतात हो. वाचता तेवढं येत होतं. म्हणून मोठ्याने वाचायचो. ऐकलं की सगळे म्हणायचे, बाबा अजून ठणठणीत आहेत. मलाही खरं वाटायचं."

तेल पिण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं?

"आज कोणाला सांगू नका," मास्तर म्हणाले. "उद्या मीच सांगतो."

घराच्या गल्लीत वळल्यावर त्यांनी विचारलं, "कोणी उभं आहे का गॅलरीत?"

लांबचं बघणं औषधवाल्यांच्या हातचा मळ होता. "आहेत की. मधोमध तुमची थोरली, कमरेवर हात ठेवून. म्हणजे मला बोलणार आहे. डावीकडे धाकटी, निळी साडी. साडू फोनवर. गाडीबद्दलच असणार. वरच्या गॅलरीत काकू, हातात झारी."

मास्तरांनी काठी डाव्या हातात घेतली, मान वर केली आणि उजवा हात उंचावून हलवला. बरोब्बर गॅलरीच्या दिशेने. "काय गं धाकटे, निळी साडी छान दिसते!" ते ओरडले. "आणि काकू, आम्हाला भिजवू नका हं!"

वरून एकच कौतुकाचा कल्लोळ झाला. दोघं गॅलरीखाली पोहोचले, तशी काकूंची झारी खरोखरच कलंडली आणि पाणी औषधवाल्यांच्या डोक्यावर आलं.

"बघा, बघा!" काकू वरून सगळ्या गल्लीला सांगत होत्या. "इतक्या लांबून साडीचा रंग ओळखला! आणि जावयाला म्हणे लागणार चष्मा!"

औषधवाल्यांचा जुना हेवा पुन्हा जागा झाला. तोंड उघडायचा अवकाश होता. एका वाक्यात सगळा हिशेब चुकता झाला असता. त्यांनी कपाळावरचं पाणी निपटलं आणि हातातला म्हातारा हात जरा घट्ट धरला.

"पुढे पायरी आहे," ते मास्तरांना ऐकू जाईल एवढंच बोलले. मग वर बघून मोठ्याने म्हणाले, "लागला तर लागला! पण तुम्ही ती झारी आधी सरळ करा!"